दत्तक वस्तीचे ॲप्रन

आम्हाला दत्तक घेतलंय हे आम्हाला बोर्डावरून कळलं. एका रविवारी सकाळी मुलुंडच्या कॉलेजची दहा-बारा मुलं आली आणि नळाजवळच्या खांबाला पत्र्याचा पिवळा बोर्ड ठोकून गेली. वर कॉलेजचं नाव, खाली ‘दत्तक वस्ती’. शेजारच्या म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, काय लिवलंय. शेवटी कुणीतरी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग जेवायला आता तिकडंच जायचं काय?”

नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. मुलुंडला उतरून चालत यावं लागायचं. रेल्वेचे रूळ आणि एका कंपनीची मागची भिंत यांच्या मधे जी लांबट जागा उरली होती, तिच्यात आमची शंभरेक घरं होती. बहुतेक कोकणातली. बहुतेक घरातला बाप गिरणीत होता. होता म्हणायचं कारण, संप झाला, संपाचं पहिलं वर्ष गेलं, मग दुसरं गेलं, आणि त्यानंतर आमच्याकडे कुणी ‘गिरणीत आहे’ असं म्हणेनासं झालं. रुळांच्या पलीकडे जुनं गावठाण होतं, तिथे ख्रिस्ती कुटुंबं राहायची. त्यांची शेतं होती, म्हणजे त्या वेळेपर्यंत थोडी उरली होती.

माझे वडील फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड टेबलावरून सरकत जायचं आणि ते त्यातल्या चुका बघायचे. कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे तेलाचा डाग पडलाय. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. संपानंतर ते घरी बसले, पण डोळे काही बसले नाहीत. घरी आलेल्या माणसाच्या शर्टाकडे ते बघत राहायचे. माझ्या मामानं दिवाळीला नवा शर्ट घालून मिरवला, तेव्हा वडिलांनी त्याची बाही दोन बोटांत धरली आणि म्हणाले, “ह्या कापड न्हय, चाळण आसा.” मामा त्यानंतर जुने शर्ट घालून यायला लागला.

दत्तक घेतल्यावर कॉलेजनं आमच्यासाठी बरंच केलं. विद्यापीठाकडून तसं पत्रक आलं होतं म्हणे, की प्रत्येक कॉलेजनं जवळची एक गरीब वस्ती घ्यावी आणि तिचा विकास करावा. पहिल्या वर्षी मुलांनी सर्व्हे केला. दुसऱ्या वर्षी झाडं लावली, ती शेजारच्या बकऱ्यांनी खाल्ली. त्याच वर्षी स्वच्छतेवर व्याख्यान झालं. नळाला पाणी सकाळी पाऊण तास यायचं आणि व्याख्यान नेमकं त्याच पाऊण तासात ठेवलं होतं, त्यामुळे श्रोते हंडे घेऊन उभे होते. तिसऱ्या वर्षी बायकांना मेणबत्त्या करायला शिकवलं. तीन आठवडे शिकवलं, साचे दिले, मेण दिलं. आमच्या बायकांनी मन लावून मेणबत्त्या केल्या, लाल, पिवळ्या, पिळाच्या. त्या कुणाला विकायच्या हे शिकवायला कुणी आलं नाही. मे महिन्यात पत्र्याखाली त्या सगळ्या वाकल्या. गावठाणातल्या एका आंटीनं त्यातल्या वीस-पंचवीस चर्चसाठी मागून नेल्या आणि वाकड्याच लावल्या.

मधेमधे सर्व्हे चालूच होता. घरात माणसं किती, पाणी उकळता का, दात कशानं घासता. आईला उत्तरं पाठ झाली होती. पाणी उकळता का म्हटलं की ती ‘होय’ म्हणायची, कारण ‘नाही’ म्हटलं की उकळण्याचे फायदे ऐकावे लागत.

बारावीला मला बरे गुण मिळाले आणि त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वर्गात मी कुठे राहते हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर ‘नाहूर साईडला’ एवढंच सांगायची. समाजसेवेच्या पथकात मी गेले ती दहा जादा गुणांसाठी. सगळेच त्यासाठी जात. पथकाच्या प्रमुख आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम होत्या. त्यांनाही ते काम हौसेनं मिळालेलं नव्हतं. बाकी सगळ्या प्राध्यापकांनी नको म्हटलं आणि मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, वर पांढरा ॲप्रन, आणि हसण्याची सवय नाही. प्रॅक्टिकलला कुणी ब्युरेट फोडली तर त्या ओरडत नसत, नुसत्या जवळ येऊन उभ्या राहत. त्यापेक्षा ओरडलेलं बरं वाटायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सर्व्हेच्या याद्या लागल्या. माझी जोडी मुलुंडच्या पाच रस्त्याला राहणाऱ्या एका मुलीबरोबर होती आणि आमच्या वाट्याला आली ती आमचीच ओळ. मी मॅडमना सांगू शकले असते. सांगितलं नाही. रविवारी सकाळी मी घरून निघाले, मुलुंड स्टेशनवर जाऊन पथकात उभी राहिले आणि सगळ्यांबरोबर परत घरी आले.

ती विचारणार आणि मी लिहिणार असं ठरलं होतं. आमच्या दारात आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या मुलीकडे बघितलं आणि दोघींसाठी चटई टाकली.

“काकू, तुमचं नाव?”

आईनं नाव सांगितलं. मी लिहिलं.

“घरात कोण कोण?”

“मी, घोव, एक चेडू.” मी ‘नवरा, एक मुलगी’ असं लिहिलं.

“मुलगी काय करते?”

“कॉलेजात जाता.”

“अरे वा. कुठल्या?”

“आसा खंयतरी,” आई म्हणाली. माझ्याकडे न बघता. मी ‘शिक्षण चालू’ असं लिहिलं.

पाणी उकळून झालं, दात घासून झाले. शेवटचा प्रश्न होता ‘कुटुंबाच्या मुख्य अडचणी’. समोर अर्धी ओळ मोकळी होती. आईनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “दर वर्षाक येतत, लिवन घेतत आणि जातत. ही एक अडचण. बाकी आमची आमी बघतो.”

त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, हे लिहायचं का. मी लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून समासात लिहिलं.

मंगळवारी मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा होता आणि वर आमचा फॉर्म.

“हे अक्षर तुझं?”

“हो मॅडम.”

“आणि हे समासातलं वाक्य?”

“आईचं.”

मॅडमनी चष्मा काढला. “त्या बाईंचं, असं म्हणायचंय ना?”

“हो. त्या बाई म्हणजे माझी आई.”

त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यावरून उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं दहा गुण गेले. मग त्यांनी एकदम वेगळंच विचारलं. “तुझा ॲप्रन कुठून घेतलास?”

कॉलेजच्या स्टोअरमधून मिळणारा ॲप्रन आम्ही पहिल्या वर्षी घेतला होता. तो तीन महिन्यांत संपला. खिसा आधी गेला, मग काखेत उसवला. तेव्हा आईनं तो पूर्ण उसवून त्याच्या मापानं नवा शिवला. बाहीला मनगटाशी बटण लावलं, कारण मोकळी बाही बर्नरवर जाते असं मी घरी बोलले होते. आईकडे शिलाई मशीन होतं आणि ती लोकांचे परकर, उशांचे अभ्रे शिवायची.

“आईनंच शिवलाय,” मी म्हटलं.

“वर्गात बटणाची बाही तुझी एकटीचीच आहे,” मॅडम म्हणाल्या. “मला वाटलं होतं परदेशातून कुणी आणला.”

पुढच्या शनिवारी मॅडम आमच्या घरी आल्या. एकट्या आल्या, फॉर्म न घेता. आईनं चहा ठेवला. मॅडमनी ॲप्रन उलटा करून शिवण बघितली, खिशात हात घालून जोरात ओढला. खिसा जागेवर राहिला. मग त्यांनी विचारलं, “जूनमध्ये पहिल्या वर्षाची नवी मुलं येतात. दीडशेच्या वर. इथं आणखी कुणाला शिवता येतं?”

आईनं पाच जणींची नावं सांगितली. शिवाय गावठाणातली आंटी, तिच्याकडे पायाचं मोठं मशीन होतं आणि सिमेंटची पक्की खोली होती.

“मग जूनपर्यंत दीडशे होतील?”

“होतील,” आई म्हणाली. “पण मॅडम, कोण घेणार ते आधी सांगा. मेणबत्त्या झाल्या आमच्या करून.”

मॅडम मेणबत्त्यांच्या वेळी प्रमुख नव्हत्या, पण त्यांनी तसं सांगितलं नाही. म्हणाल्या, “कॉलेज घेईल. ते माझ्यावर.”

ते त्यांना वाटलं तेवढं सोपं नव्हतं. कॉलेजच्या स्टोअरमध्ये एक गृहस्थ बसायचे, त्यांच्याकडे सगळी खरेदी होती. ॲप्रन वर्षानुवर्षं शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून यायचे. स्टोअरवाल्यांचं त्यात काही वाकडं होतं असं मी म्हणणार नाही, त्यांना फक्त बदल आवडत नसे. मॅडम मला घेऊन गेल्या तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, वस्तीकडून कसं घेणार? वस्तीचं लेटरहेड आहे का? शिक्का आहे? नोंदणी आहे?”

“त्यांना आपण दत्तक घेतलंय,” मॅडम म्हणाल्या.

“दत्तक वेगळं, खरेदी वेगळी,” ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. गेली तीन वर्षं आम्हालाही तसंच वाटत होतं.

मग मॅडमनी कॉमर्सच्या एका सरांना गाठलं. सरांनी त्यांच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं आमच्याकडे पाठवली. महिला मंडळाची नोंदणी कशी करायची, कोटेशन कसं लिहायचं, शिक्का कुठे करायचा, हे त्यांनी बसून केलं. कॉलेजची मुलं प्रथमच आम्हाला हवं ते करायला आली होती. योगायोगानं तेही फॉर्म भरण्याचंच काम होतं, आणि त्यात ती तरबेज होतीच.

मंडळाची अध्यक्ष कोण यावर आठवडाभर चर्चा चालली. दोन बायकांचं त्यावरून बोलणं बंद झालं. शेवटी आंटीला केलं, कारण तिला इंग्रजीत सही येत होती आणि खोली तिची होती. ती म्हणाली, “मी सही करीन, भाषण करणार नाय.” हे सगळ्यांना मान्य झालं.

कापड कुठलं घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा मॅडमनी सगळ्या बायकांना प्रयोगशाळेत बोलावलं. सात जणी सकाळी दहाला गेटवर गेल्या. बरोबर वडीलही होते, कारण आईनं त्यांना कापडबाजारातून आणलेले चार नमुने धरायला दिले होते. खरं तर नमुने हलके होते, पण ते एकटे घरी बसले असते. गेटवरच्या वॉचमननं बायकांना सांगितलं, “कॅन्टीनचं काम मागच्या बाजूला.”

आंटी म्हणाली, “आमचं काम पुढच्या बाजूला आहे. केमिस्ट्री.”

वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. आंटीनं इंग्रजीत सही केली. बाकीच्यांना त्यानं विचारलं नाही.

प्रयोगशाळेत त्यांना बाकांवर बसवलं. आमच्या वर्गाची प्रॅक्टिकल चालू नव्हती, मी एकटीच होते. एका काकूनं नळ सोडून बघितला आणि पाणी आल्यावर आईला खूण केली, की इथं साडेदहालासुद्धा येतंय. मॅडमनी चार नमुने टेबलावर मांडले. त्या काही सांगणार तेवढ्यात वडील पुढे झाले. त्यांनी खिशातून पितळेची घडीची काच काढली. गिरणीत कापडाचे धागे मोजायला ती लागायची. संपाला जाताना ती त्यांच्या खिशात राहिली होती आणि परत मागायला कुणी आलं नव्हतं.

काच कापडावर ठेवून त्यांनी एकेक नमुना बघितला. “हा मांजरपाट. धुतला की आवळतला. हा पॉपलीन, ह्यात जीव नाय. हा टेरिकॉट, ह्यात पॉलिएस्टर आसा. हा ड्रिल, जाड सुती, चांगला आसा, फक्त खळ जास्त मारलीहा.”

मॅडमनी चारही नमुन्यांवर ॲसिड टाकलं आणि मग चिमट्यात धरून बर्नरवर धरलं. सुती कापडं जळली, राख पडली. टेरिकॉट वितळलं आणि थेंब थेंब खाली गळलं. बायका उठून जवळ आल्या.

“ॲसिडनं कुठल्याही कापडाला भोक पडणारच,” मॅडम म्हणाल्या. “पण आग लागली तर हे वितळून कातडीला चिकटतं. आत्ता आपल्या स्टोअरचे ॲप्रन याचेच आहेत.” त्यांनी स्वतःच्या ॲप्रनकडे बघितलं आणि मग वडिलांकडे. “तुम्ही हे कुठं शिकलात?”

“गिरणीत.”

“किती वर्षं?”

“बावीस.”

“माझी पीएच.डी. पाच वर्षांत झाली,” मॅडम म्हणाल्या. वडिलांनी मान हलवली, म्हणजे ठीक आहे, तेवढ्यात जेवढं होतं तेवढं झालं असेल.

प्रिन्सिपॉलनी टेरिकॉटचा तो वितळलेला गोळा बघितल्यावर आमचं कोटेशन पास केलं. तो गोळा मॅडम पाकिटात घालून घेऊन गेल्या होत्या.

एप्रिलपासून आंटीच्या खोलीत काम सुरू झालं. वडिलांनी सांगितलं, ड्रिल आधी भिजवायचं, वाळवायचं आणि मगच कापायचं. बायका म्हणाल्या, वेळ कुठाय. ते म्हणाले, मग मुलांच्या अंगावर आवळेल तेव्हा वेळ काढा. कापड भिजवलं. वाळत घालायला जागा नव्हती म्हणून रुळांकडेच्या कुंपणावर टाकलं. लांबच्या लांब पांढरं कापड बघून गावठाणातले लोक विचारायला आले, कोण येणार आहे.

पहिले तीस ॲप्रन झाले तेव्हा वडील तपासायला बसले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खडूनं खुणा करत त्यांनी अकरा बाजूला टाकले. त्यातले पाच आईचे होते.

आईनं मशीन थांबवलं. “ह्यांका काय झाला?”

“टाका सैल आसा. खिशाचो कोन बघ.”

“चलता.”

“गिरणीत ह्या पास झाला नसता.”

“गिरण बंद पडली,” आई म्हणाली.

ती रागानं म्हणाली नव्हती. पण बाकीची मशीनंही थांबली. वडिलांनी काच घडी करून खिशात ठेवली, चप्पल घातली आणि बाहेर गेले. आईनं पुन्हा मशीन सुरू केलं, पण सुईत दोरा नव्हता, तसंच ते थोडा वेळ चाललं.

अर्ध्या तासानं मी त्यांना बघायला गेले. ते गावठाणाच्या टोकाला विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मी बाजूला बसले.

“आईला तसं म्हणायचं नव्हतं,” मी म्हटलं.

“खरा तां बोलली.” मग म्हणाले, “माझी एक चप्पल थंयच रवली.”

“कुठली?”

“खात्यातली. भायरची चप्पल आत चलत नसे, पांढऱ्या कापडावर धूळ नको म्हणान. आत घालूक वेगळी होती. संपाच्या आदल्या दिवशी टेबलाखाली काढून ठेवली. म्हटलं, दोन-चार दिसांत येतलो.” त्यांनी पायातल्या चपलेकडे बघितलं. “चांगली होती.”

संपाबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले. त्या आधीही नाही आणि नंतरही नाही. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “चहा झाला असेल.” ते उठले.

आम्ही परत आलो तेव्हा आईनं पाचही ॲप्रनचे खिसे उसवून ठेवले होते आणि सहाव्याला हात घातला होता. तो वडिलांनी पास केलेला होता. वडिलांनी तो तिच्या हातातून घेतला आणि चांगल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. त्या दिवसापासून तपासणी त्यांच्याकडेच राहिली. ती कुणी त्यांना दिली असं नाही.

जूनमध्ये दीडशे ॲप्रन कॉलेजात गेले आणि त्यातले चाळीस परत आले. चूक शिवणीची नव्हती. आईनं मापं वस्तीतल्या मुला-मुलींची घेतली होती. मुलुंडच्या बिल्डिंगांतली मुलं आमच्यापेक्षा रुंद होती, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एवढे सर्व्हे झाले, पण ते सगळे एकाच बाजूनं झाले होते.

मॅडम म्हणाल्या, मग येऊन मापं घ्या. दोन दिवस आई, आंटी आणि आणखी एक काकू प्रयोगशाळेबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये टेप घेऊन उभ्या राहिल्या. पहिल्या वर्षाची मुलं रांगेत. आम्ही तिसऱ्या वर्षाचेही होतो, कारण आमचे जुने ॲप्रन एव्हाना संपले होते आणि नवे चांगले आहेत हे पसरलं होतं. माझा घरचाच होता, पण एकटी बाजूला कशी राहणार म्हणून मीही रांगेत होते. पाच रस्त्याची ती मुलगी माझ्या पुढे होती. मी रांगेत मागे मागे सरकत होते. मला अजून वाटत होतं की हे निभेल.

आईनं मान वर केली, मला बघितलं आणि म्हणाली, “अगो, तिकडं मागं काय करतंस? ही वही धर. आंटीच्या चष्म्याची काच फुटलीय, तिला दिसत नाय.”

मी रांगेतून बाहेर आले आणि वही धरली. पाच रस्त्याच्या मुलीनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“या तर त्या सर्व्हेच्या काकू,” ती म्हणाली. “तुझी आई?”

“हो.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

तिनं स्वतःच्या कॉलरमध्ये बोट घातलं. “बरं, मग सांग ना त्यांना, माझी कॉलर जरा छोटी ठेवायला. मला टोचते.”

दोन वर्षं जपून ठेवलेली गोष्ट एवढ्यावर संपली. मला हायसं वाटायला हवं होतं. थोडा अपमान वाटला. माझ्या घराचा पत्ता कुणाला एवढा महत्त्वाचा नव्हता, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर सर्व्हेच्या रविवारी मी मुलुंडपर्यंत उगाच चालले नसते.

पुढच्या वर्षी आणखी दोन कॉलेजांच्या ऑर्डरी आल्या, एक घाटकोपरची, एक अंधेरीची. मॅडमनीच पत्रं लिहिली होती. एका कंपनीनं तिच्या लॅबसाठी घेतले. आठ बायकांना वर्षातले सात-आठ महिने काम मिळायला लागलं. घरात दोन वेळची डाळ आली, एकीच्या मुलीची शाळा सुटता सुटता राहिली, एकीनं पत्र्याच्या जागी कौलं घातली. सगळं चांगलंच झालं असं नाही. एकीच्या नवऱ्यानं तिचं मशीन विकलं. अध्यक्षपदावरून बोलणं बंद झालेल्या दोघी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत, एकीनं कापलेलं दुसरी शिवायची आणि मधे आंटी निरोप द्यायची. मग कॉलेजचे प्रिन्सिपॉल बदलले आणि नव्यांनी एक वर्ष पुन्हा शहरातल्या व्यापाऱ्याकडून ॲप्रन घेतले. त्या वर्षी आमच्याकडे चणचण झाली. डिसेंबरपर्यंत मुलांचे खिसे लोंबायला लागले आणि मुलं ॲप्रन घेऊन थेट नाहूरला आंटीच्या खोलीवर यायला लागली. स्टोअरवाल्या गृहस्थांनी स्वतः येऊन पुढच्या वर्षाचं कोटेशन मागितलं. उभ्या उभ्याच मागितलं, पण चहा घेतला.

विद्यापीठानं नंतर एक परिसंवाद घेतला, शहरी गरीब वस्त्या आणि उच्च शिक्षण असा काहीतरी विषय होता. मॅडमनी आईला आणि आंटीला नेलं. आंटीनं भाषण न करण्याच्या अटीची आठवण करून दिली, म्हणून आई स्टेजवर गेली. तिच्या आधी एका मोठ्या माणसानं चाळीस मिनिटं भाषण केलं, त्यात ‘सक्षमीकरण’ हा शब्द बऱ्याचदा आला. आईनं मला हळूच विचारलं, ह्या काय. मी म्हटलं, नंतर सांगते. मग त्या माणसानं आईला विचारलं, “बाई, विद्यापीठानं तुम्हाला नेमकं काय दिलं, ते सांगा.”

आई माइकपासून जरा लांबच उभी होती. म्हणाली, “ऑर्डर दिली.”

ते थांबून राहिले, पुढे काही येईल म्हणून. आईला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं माइकजवळ जाऊन पुन्हा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्या हसल्या. मी त्यांना हसताना प्रथम बघितलं. जमलं नव्हतं फारसं.

मी बी.एस्सी. झाले आणि एका औषधांच्या कंपनीत लागले. मॅडमनी काही वर्षांनी नोकरी सोडली आणि बोरिवलीला बहिणीकडे राहायला गेल्या. आई त्यांना भेटायला एकदा गेली, मी बरोबर होते. मॅडमनी जेवायला घातलं. निघताना त्यांनी आतून एक सुती ब्लाऊजपीस आणला, निळा, बारीक काठाचा, आणि आईच्या हातात दिला. “एवढा शिवून द्याल का? इथला टेलर बाही घट्ट करतो.”

आईला ब्लाऊज शिवता येत नव्हता. परकर, अभ्रे आणि ॲप्रन, एवढंच तिला येत होतं. पण तिनं ‘देते’ म्हटलं. घरी येऊन तिनं तीन दिवस त्या कापडाकडे बघितलं. चौथ्या दिवशी शिवला. पाठीत चांगला बसला, पण बाह्या ॲप्रनसारख्या झाल्या, ढगळ आणि सरळ. वडिलांनी तो उलटून-पालटून बघितला, काच काढली नाही आणि घडी करून ठेवला. मी तो बोरिवलीला नेऊन दिला.

मॅडमनी आत जाऊन घालून बघितला आणि बाहेर येऊन दोन्ही हात वर केले, बाजूला केले, फळीवरचा डबा काढल्यासारखे. “हात हलतो,” त्या म्हणाल्या. मग आत जाऊन आणखी दोन कापडं घेऊन आल्या.